वरची कंडक्टर

डबल डेकरला दोन कंडक्टर लागायचे, एक खाली आणि एक वर. हे आता सांगावं लागतं. माझ्या भाचीला वाटायचं की ड्रायव्हरसुद्धा दोन असतील.

मी वरची होते. भिवंडीहून ठाण्यामार्गे वाशीला जाणाऱ्या एक्सप्रेस गाडीवर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं वरच्या मजल्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी वर्षं खाली एकच बाई होती, माझी जोडीदारीण. परिवहनाचं नाव इथे घेत नाही. पेन्शन त्यांच्याकडूनच येते, आणि माझं खरं दुखणं त्यांच्यामुळे नाहीच.

डबल डेकर मी पहिल्यांदा पाहिली ती काल्हेरच्या नाक्यावर, आईचा पदर धरून. माझं माहेर काल्हेरचं. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती होती आणि खाडीकडच्या बाजूला आमच्या लोकांची खाऱ्या पाण्याची खाजणं. गोदामाचा एक पत्रा कुठे नव्हता. त्या जुन्या गाड्यांना मागे दार नसायचं. लाकडी फळ्यांचा मोकळा ओटा असायचा आणि मधोमध लोखंडी दांडा. गाडीनं वेग घेतला तरी माणसं दांडा पकडून चढायची आणि कंडक्टर त्यांच्यावर ओरडायचा. आई मासळीची पाटी घेऊन ठाण्याला जायची. पाटीवाल्या बायांना वर जायला मनाई होती, त्यांनी खालीच, जिन्याखालच्या कोपऱ्यात बसायचं. वर कसं असतं, असं मी आईला विचारायची. ती म्हणायची, "मी तरी कुठं गेलेय?"

माझी शाळा संपत आली तेव्हा याच रस्त्याला एक्सप्रेस डबल डेकर आल्या. मागचा ओटा जाऊन बंद होणारं दार आलं, लाकडी बाकांच्या जागी उंच पाठीच्या गादीच्या सीट आल्या, आणि थांबे इतके कमी झाले की मधल्या गावच्या लोकांनी काही दिवस रस्ता अडवून धरला होता. शेवटी काल्हेरला थांबा मिळाला. तेव्हा मी पहिल्यांदा वर गेले. पुढच्या काचेशी बसले आणि काशेलीच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाडी दोन्हीकडून अंगावर आल्यासारखी वाटली. इथे बसून पगार मिळाला तर काय मजा, असं तेव्हा मनात आलं होतं. पुढे लग्न होऊन मी कामतघरला गेले. नवऱ्याचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बायकांची कंडक्टर म्हणून भरती निघाली तेव्हा त्यानंच अर्ज आणून दिला. सासरे चार दिवस बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

जोडीदारीण मला दोन-तीन वर्षांनी मिळाली. ती वाडा तालुक्याच्या रस्त्याला आतल्या एका गावातली, शेतकऱ्याघरची, माझ्याहून बरीच लहान. अंगानं काटकुळी, आवाज मात्र मोठा. पहिल्या आठवड्यात तिला वर लावली. डबल डेकरचा वरचा मजला खालच्यापेक्षा खूप हलतो. वळणावर तर झाडाच्या फांदीवर बसल्यासारखं होतं. ती काल्हेरपर्यंत कशीबशी तग धरायची आणि पुलावर आल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकायची. आठवडा संपला तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, मना वर न्हाय जमत. नोकरी सोडते मी."

मी म्हटलं, नोकरी कशाला सोडतेस, खाली ये. मी जाईन वर. नियमानं आठवड्याची अदलाबदल करायची होती, कारण वरचं काम कष्टाचं. जिना चढ-उतार, सतत तोल सांभाळणं, उन्हाळ्यात छताचा ताप. ड्युटी क्लार्कला सांगून मी कायमची वर गेले. तेव्हापासून ती खालची आणि मी वरची, हे डेपोत सगळ्यांना पाठ झालं.

आम्ही एकाच गाडीत दिवसभर असायचो आणि एकमेकींना दिसायचो नाही. मधे छत होतं आणि घंटी होती. एक टोला थांब, दोन टोले चल. वर जागा भरली की मी तीन द्यायची, मग ती जिन्यापाशी उभी राहून लोकांना अडवायची. सुरुवातीला दोरी ओढायची घंटी होती, नंतर बटण आलं. गाडीला चल म्हणायचं काम खालच्या कंडक्टरचं, पण वरून माझे दोन टोले आल्यावरच. मी जिन्यात कुणाला अडखळताना पाहिलं आणि टोले दिले नाहीत, तर ती गाडी हलू द्यायची नाही, मागून कितीही हॉर्न वाजोत.

वर बसणारी माणसं ठरलेली होती. लूमच्या कारखान्यातला एक म्हातारा मुकादम रोज ठाण्याला लेकीकडे जायचा, पुढची सीट त्याची. मला म्हणायचा, "बेटी, नीचे तो सिर्फ धुआँ है." कॉलेजच्या मुली मागे बसायच्या. दापोड्याच्या गोदामांत हिशेब लिहिणारी पोरं संध्याकाळी अंजूरफाट्याला उतरायची. वरून भिवंडी वेगळी दिसायची. कारखान्यांच्या झरोक्यांतून लूम हलताना दिसायचे, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगची धुरांडी डोळ्यांच्या पातळीवर यायची, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया ओळखीच्या झाल्या होत्या. पुढे काल्हेरकडची शेतं एकेक करून भरावाखाली गेली आणि गोदामांचे पत्रे चमकायला लागले. ते सगळं मी वरून, तिकिटं फाडता फाडता पाहिलं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे ती मला काय होती ते कळेल. दुपारची गाडी होती, वर गर्दी नव्हती. मागे तिघं जण बसले होते, प्यालेले. तिकीट मागितलं तर एकानं माझ्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला जिन्याकडे ढकलत नेलं. घंटीचं बटण पुढच्या खांबाला, माझा हात पोचत नव्हता. मी सीटचा दांडा धरून तिथेच पाय रोवले. तेवढ्यात गाडी थांबली. ती वर आली. चेहरा पिवळा पडलेला, एका हातानं दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात तिकिटाचा पंच. तिनं मोठ्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली तशी खालची माणसंही धावत आली. नंतर चौकीत पोलिसानं विचारलं, तुला खाली कसं कळलं? ती म्हणाली, "ताईचे पाय थांबले." माझ्या चपलांचा आवाज छतावर तिला दिवसभर ऐकू यायचा. कुठे वळते, कुठे थांबते, तिला सगळं कळायचं. चौकीतून बाहेर आल्यावर ती गटारापाशी बसून ओकली आणि मी तिची पाठ चोळली.

अशी बाई. तिला मी बहीण म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. तिच्या बाळंतपणात तिला हलकी ड्युटी मिळावी म्हणून मी साहेबांच्या दारात उभी राहिले. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला तिनं भाकऱ्या थापल्या.

मग मशीनची तिकिटं आली. पंच आणि तिकिटांची पेटी गेली, गळ्यात मशीन आलं, आणि लगेच बोलणं सुरू झालं की आता डबल डेकरला दोन माणसं कशाला. एकच कंडक्टर दोन्ही मजले करील. चाचणी घेणार, असं ऐकू यायला लागलं. चाचणी पार पडली की वरच्या कंडक्टरांची जागाच जाणार आणि आम्हाला कुठेही लांब टाकणार, हे सगळ्यांना समजत होतं.

आमच्या डेपोत एक वडीलधारे कंडक्टर होते, युनियनचं काम बघायचे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी शेडमध्ये डबल डेकरच्या सगळ्या जोड्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. चाचणीला कंडक्टर लागणार, तो आपल्यातलाच असणार. कुणीच उभं राहिलं नाही तर चाचणी होणार नाही. एकट्यानं दोन मजले होत नाहीत, असं सगळ्यांनी एका तोंडानं सांगायचं. हात वर करा म्हणाले. तिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी तो तसाच वर केला.

त्याच आठवड्यात वाशीच्या स्टँडवर आम्ही चहा घेत बसलो होतो. मी गमतीनं बोलायला लागले. मनावर ताण असला की माणूस असं काहीबाही बोलतं. म्हटलं, खरं सांगू का, साहेबांना जमणार नाही पण मला विचारलं तर मी करून दाखवीन. वरच्या लोकांची तिकिटं गाडी सुटायच्या आधी स्टँडवरच फाडायची. जिन्यापाशी पाटी लावायची, तिकीट घेतल्याशिवाय वर जाऊ नये म्हणून. एक्सप्रेसच ती, मधे थांबे किती? काल्हेर सोडलं की पूल ओलांडून बाळकूमपर्यंत कुणी चढत नाही की उतरत नाही. तेवढ्या वेळात वर जायचं, राहिलेले करायचे, खाली यायचं. परतताना तेच उलटं.

ती हसली. "ताई, तू मॅनेजर व्हायला पायजे व्हतीस," म्हणाली. मग आम्ही वडापाव खाल्ला आणि गाडी घेऊन निघालो.

पुढे काही दिवसांनी माझ्या भावाच्या मोठ्या मुलीची हळद होती काल्हेरला. आमच्याकडे हळदीचं प्रस्थ लग्नाहून मोठं, मी रजा टाकली. रजेवरून परत आले तर ड्युटी क्लार्कनं मला शहरातली साधी गाडी दिली, स्टँड ते अंजूरफाटा. मी विचारलं, आमची गाडी वर्कशॉपला गेली का? तो कागदात बघत राहिला आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. मला वाटलं असेल काहीतरी, दोन दिवसांनी होईल सुरळीत.

अंजूरफाट्याला रोजच्यासारखी गाड्यांची कोंडी होती. माझी गाडी ट्रकच्या मागे अडकली होती आणि शेजारी एक्सप्रेस डबल डेकर येऊन थांबली. आमचीच. वर्कशॉपला गेलेलीच नव्हती. मी खिडकीतून बघितलं तर दारात कुणी नाही. जिन्यापाशी पुठ्ठ्याची पाटी लावलेली, "वरच्या मजल्याचे तिकीट स्टँडवरच घ्यावे." मी मान वर केली. ती वर होती. सीटच्या मधून पुढे येत होती, गळ्यात मशीन, एक हात वरच्या दांड्याला. माझ्या मुकादमापाशी वाकून तिनं काहीतरी विचारलं, तो हसला. मग तिची नजर खाली आली आणि आमच्या दोघींची नजरानजर झाली. तिनं मान वळवली आणि मागच्या माणसाला तिकीट दिलं. ट्रक हलला, त्यांची गाडी पुढे गेली.

त्या फेरीत मी कुणाला काय तिकीट दिलं मला आठवत नाही.

संध्याकाळी डेपोत मॅनेजर खुशीत होते. गेटजवळ सगळ्यांना थांबवून चाचणी कशी पार पडली ते सांगत होते. वरच्यांची तिकिटं स्टँडवर. जिन्यापाशी पाटी. काल्हेर ते बाळकूम थांबा नाही, तेव्हा वरची फेरी. मी गर्दीत मागे उभी राहून माझंच बोलणं साहेबांच्या तोंडून ऐकत होते, त्याच क्रमानं. ते म्हणाले, ही बाई स्वतः येऊन बोलली, असे कर्मचारी पाहिजेत. दादा निघून गेले. बाकीचे तिच्याकडे असे बघत होते की मला क्षणभर तिच्यासाठी भीती वाटली. योजना कुणाच्या तोंडून निघाली होती हे तिथे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तिनंही नाही.

बायकांच्या खोलीत ती पिशवी भरत होती. दुसरं कुणी नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला जायला?" मी विचारलं.

"कुनी न्हाय. मीच गेले."

"मला का नाही बोललीस?"

"तुला इचारलं असतं तर तू न्हाय म्हनाली असतीस." ती पिशवीची चेन लावत होती, ती अडकली होती. "ते व्हनारच हाय ताई. आज न्हाय तर उद्या. मना कायमची सकाळची पाळी देतो बोलले. पोर लहान हाय माजी."

मी म्हटलं, शेडमध्ये माझा हात धरून वर केलास. ती म्हणाली, तेव्हा मनापासूनच केला होता.  मी विचारलं की वर चक्कर येत नाही का आता.

"गोळी घेते सकाळी," ती म्हणाली. "डॉक्टरनी दिल्ये. ती घेतली की न्हाय व्हत काय."

इतकी वर्षं मी तिच्यासाठी वर चढत होते. गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. गोळी आधी का घेतली नाहीस, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सरळ उत्तर दिलं असतं, आणि तेच मला नको होतं.

महिन्याभरात जोड्या फुटल्या. वरच्या कंडक्टरांना जिथे माणूस कमी तिथे पाठवलं. एकीला घरापासून इतक्या लांबचा डेपो दिला की तिनं नोकरी सोडली. दादांना टेबलकामावर बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. मला शहरातल्या गाड्यांवरच ठेवलं. साहेबांना ती म्हणाली होती म्हणे, ताईला लांब टाकू नका. हे मला क्लार्ककडून कळलं आणि जेवण गेलं नाही त्या दिवशी.

डबल डेकरचं पुढे काय झालं ते मी खालून पाहिलं. एकट्या बाईला दोन मजले रोज झेपायचे नाहीत. गर्दीच्या दिवशी ती जिन्याला साखळी लावायची आणि वरचा मजला बंद ठेवायची. लोक भांडायचे, मग भांडणंही बंद झाली आणि लोक शेअर रिक्षा, खासगी गाड्या यांच्याकडे गेले. वर माणसं बसत नाहीत, तर दोन मजल्यांची गाडी कशाला, असं वरच्या साहेबांनी म्हणायला सुरुवात केली. मग मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणला, काल्हेरपासून फाट्यापर्यंत एकेका लेनमधून वाहतूक. त्यात एक्सप्रेस ही नुसती पाटीपुरती राहिली. गाड्या एकेक करून डेपोच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या, टायर बसले, आणि एके दिवशी भंगारवाल्यांनी वरचा मजला कापून वेगळा केला, कारण अख्खी गाडी ट्रेलरवर मावत नव्हती. त्या दिवशी मी ड्युटीवर होते. कापायचा आवाज स्टँडपर्यंत येत होता.

तिची कायमची सकाळची पाळी गाड्यांबरोबरच गेली. ती कल्याणकडच्या मार्गावर बदलून गेली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वाटेत दिसली तर हात करायची. मीही करायची. आमच्यात भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

मी निवृत्त झाले. त्यानंतर नवीन डबल डेकर आल्या, बॅटरीवरच्या, एसी, काचा न उघडणाऱ्या. त्या मार्गाला लागायच्या दिवशी मैदानावर मांडव घातला होता आणि जुन्या डबल डेकरवर काम केलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. आमचा निवृत्त कंडक्टरांचा फोनवर एक ग्रुप होता. दादा, नोकरी सोडलेली ती आमची सोबतीण, आणखी काही जणी. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचो, भाजणीची थालीपीठं आणि जुन्या चेकरांच्या नकला. आम्ही सगळे एकत्रच गेलो आणि एकाच रांगेत बसलो. जोडीदारीण दुसऱ्या बाजूला, स्टेजजवळ बसली होती. तिला खास बोलावलं होतं.

एक अधिकारी इतिहास सांगायला उभे राहिले. मोकळ्या ओट्याच्या गाड्या, मग एक्सप्रेस, मग मशीन. सगळं एका सरळ रेषेत, जणू प्रत्येक गाडी स्वतःहून बाजूला सरली आणि पुढचीला जागा दिली. वरच्या कंडक्टरांचं नाव निघालं नाही. मग ते म्हणाले की या मार्गावर एका भगिनीनं फार वर्षांपूर्वी दाखवून दिलं की एक वाहक दोन्ही मजले सांभाळू शकतो, आणि आजची नवी सेवा त्याच पायावर उभी आहे. तिला शाल, श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. आमच्या रांगेत कुणी हात हलवला नाही.

दोन शब्द बोला म्हणाले. ती माईकपाशी आली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. ती आमच्या रांगेकडे बघत होती. मला वाटलं, आता ही दादांची माफी मागेल. अगदी खरं सांगते, मला तिच्यासाठी बरं वाटत होतं.

ती म्हणाली, "हा मान माजा एकटीचा न्हाय. ह्यी सगळी युक्ती आमच्या ताईची. तिकिटं स्टँडवर फाडायची, पुलावर वर जायचं, पाटी लावायची, सगळं तिनं मना सांगितलं. मी जे केलं ते तिच्या डोक्यानं." आणि तिनं हात लांब करून मला दाखवलं.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अधिकारी हसत माझ्याकडे बघून हात जोडत होते. कुणीतरी म्हणालं, ताई, उभ्या राहा. मी उभी राहिले नाही. माझ्या शेजारची, जिनं नोकरी सोडली होती ती, आपली पिशवी मांडीवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर गेटपाशी दादांनी मला गाठलं. वय झालेलं, काठी हातात.

"खरं हाय का ते?"

"बोलले होते मी. चहा पिताना. गमतीत."

"आणि त्या दिवशी गेटवर साहेब बोलले तेव्हा तू तिथंच होतीस."

"होते."

त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. रागावले असते तर मी काही सांगू शकले असते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी चाचणीला उभी राहिले नाही, मी साहेबांकडे गेले नाही, एका मैत्रिणीशी मोकळेपणी बोलले त्याचं तिनं हे केलं. पण ते रिक्षात बसले होते, बाकीच्या जणी त्यांच्याबरोबर, आणि रिक्षात चौथ्याला जागा नव्हती.

ती शाल सावरत माझ्याकडे आली. चेहरा उजळलेला. माझे दोन्ही हात धरले.

"किती वर्सं मनात व्हतं ताई. लोकं मना शानी बोलायची आन् मना आतून खायचं. आज बोलून टाकलं. आता तरी राग गेला ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच वाटत होतं की तिनं माझं देणं देऊन टाकलं. पहिल्या वेळी तिनं स्वतःसाठी केलं होतं, ते मला समजत होतं. या वेळी तिनं माझ्यासाठी केलं होतं. तुझी शाल तू घेऊन जा, एवढं म्हणावंसं वाटलं. म्हटलं, "घरी जा, उशीर होईल तुला."

त्यानंतर ग्रुपवर काही दिवस कुणीच काही लिहिलं नाही. मग लिहायला लागले, पण पुढच्या महिन्यात कुठे जमायचं ते त्यात कधी आलं नाही. बहुधा दुसरा ग्रुप केला असेल. एकदा बाजारात आमच्यातली एक भेटली, तिनं गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या नातवाची केली, आणि ती घाईनं निघाली. मी दादांच्या घरीही गेले. त्यांच्या सुनेनं दारातच सांगितलं की ते झोपलेत. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

भाची एकदा मला नव्या गाडीत घेऊन गेली. वर बसलो. थंडगार, काच धुतलेली, गाडी हलतच नाही म्हणावं इतकी कमी हलते. कंडक्टर खाली दारापाशी असतो, वर कुणी येत नाही. मेट्रोच्या खांबांमुळे खाडी नीट दिसत नाही. भाचीनं फोटो काढले आणि विचारलं, आत्या, तू कुठे उभी राहायचीस? मी तिला जागा दाखवली.

जोडीदारीण दर रविवारी फोन करते. गावाकडची भाजी लागली, लेकीला स्थळ आलंय, डॉक्टर काय म्हणाला. मनमोकळं बोलते, पूर्वीसारखं. सुरुवातीला मी फोन वाजू द्यायची. आता उचलते. नोकरीतल्या दिवसांबद्दल माझ्याशी बोलणारं तिच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही.